लाउडन काउंटी: कर भरणारी यंत्रे आणि रोजगाराचा हिशेब

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाच्या उत्तरेला काही मैलांवर ॲशबर्न नावाची वस्ती आहे. तिथल्या वॅक्सपूल रस्त्याने गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना करड्या-पांढऱ्या रंगाच्या, जवळपास बिनखिडकीच्या अवाढव्य इमारती लागतात. त्यांच्या छपरांवर शीतकरणाच्या यंत्रांच्या रांगा असतात, बाजूला कंटेनरएवढे डिझेल जनित्रांचे खोके उभे असतात आणि भोवती उंच कुंपण असते. या इमारतींचे खरे वैशिष्ट्य मात्र त्यांच्या वाहनतळात दिसते. अडीच लाख चौरस फुटांच्या कारखान्यासमोर किंवा कार्यालयासमोर गाड्यांची गर्दी असावी अशी आपली अपेक्षा असते. इथे कामाच्या दिवशीही ती दिसत नाही. व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटीने गेल्या दोन दशकांत आणलेल्या उद्योगाची ही ओळख आहे. काउंटीत आज सुमारे दोनशे डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या संगणकांची केंद्रे, चालू असून जगात एकाच ठिकाणी इतकी डेटा सेंटर दुसरीकडे कुठे क्वचितच सापडतील. जगातील सत्तर टक्के इंटरनेट वाहतूक इथून जाते, हे वाक्य गेली अनेक वर्षे प्रत्येक भाषणात आणि बातमीत येते; ते कोणी आणि कसे मोजले हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, त्यामुळे त्याला या अभ्यासात आधार मानलेले नाही.

उद्योग आणणे आणि रोजगार वाढवणे ही दोन कामे स्थानिक सरकारच्या तोंडी एकाच दमात येतात. लाउडनच्या प्रकरणात ती एकमेकांपासून इतकी वेगळी पडलेली दिसतात की दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो.

काउंटीच्या हाती काय असते

लाउडनची स्थापना १७५७ ची, मुख्यालय लीझबर्ग. लोकांनी निवडून दिलेले नऊ जणांचे पर्यवेक्षक मंडळ काउंटीचा कारभार पाहते. त्यातला अध्यक्ष सगळ्या काउंटीतून आणि उरलेले आठ सदस्य आपापल्या मतदारसंघांतून येतात. हे मंडळ आपल्या जिल्हा परिषदेसारखे वाटले तरी त्याची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. जमिनीचा वापर कोणता, इमारत किती उंच, रस्त्यापासून किती आत, हे काउंटी ठरवते. आणि दर वसंतात मालमत्ता कराचा दरही तीच ठरवते. त्यासाठी प्रस्तावित दर आधी जाहीर करावा लागतो आणि जाहीर केलेल्या दराच्या वर मंडळाला जाता येत नाही. दुसऱ्या बाजूला, व्हर्जिनियात ‘डिलन नियम’ चालतो, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने स्पष्टपणे दिलेले अधिकारच काउंटीला वापरता येतात. एखाद्या आवडत्या कंपनीला मनाला येईल तसा कर माफ करण्याची मोकळीक तिला नाही. मोठ्या प्रकल्पाला रोख मदत द्यायची असेल तर ती बहुधा राज्याच्या संधी निधीतून येते, आणि तिथेही काउंटीने आपला वाटा घालावा लागतो.

थोडक्यात, काउंटीजवळ जमीन, परवाना, करदर आणि वेळ ही चारच नाणी होती. लाउडनने शेवटचे नाणे सर्वांत हुशारीने वापरले, असे माझे मत आहे.

आधीची पंचवीस वर्षे

डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला तेव्हा भोवती दुधाचा धंदा करणारी शेते होती. १९८७ मध्ये लाउडन आणि शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतून जाणाऱ्या राज्यमार्ग २८ च्या रुंदीकरणासाठी एक विशेष कर-क्षेत्र स्थापन झाले. रस्त्यालगतच्या व्यापारी आणि औद्योगिक जमिनींच्या मालकांनी शंभर डॉलर मूल्यामागे वीस सेंटपर्यंत जादा कर द्यायचा आणि त्या पैशातून रस्ता बांधायचा, अशी ती व्यवस्था होती. उद्योग येण्याआधी रस्ता, आणि रस्त्याचा खर्च ज्याची जमीन महागणार त्याच्याकडून, हा विचार त्या काळी साधा वाटला असेल. पुढच्या सगळ्या घडामोडी मात्र त्याच रस्त्याच्या आजूबाजूला घडल्या.

इंटरनेटच्या जाळ्यातील सुरुवातीच्या मोठ्या जोडणी-केंद्रांपैकी एक, ‘माए-ईस्ट’, १९९२ मध्ये फेअरफॅक्स काउंटीतल्या टायसन्स परिसरात उभे राहिले होते. ते एका इमारतीच्या भूमिगत वाहनतळातल्या भिंत घालून वेगळ्या केलेल्या खोलीत चालत असे. ती जागा अपुरी पडणारच होती. नव्वदीच्या मध्यात ‘एओएल’ ही इंटरनेट सेवा देणारी कंपनी आपले मुख्यालय घेऊन डलेसजवळ लाउडनमध्ये आली, पुढे ‘वर्ल्डकॉम’ या दूरसंचार कंपनीने ॲशबर्नमध्ये मोठा परिसर उभारला आणि १९९९ मध्ये ‘इक्विनिक्स’ने ॲशबर्नला आपले पहिले जोडणी-केंद्र उघडले. वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा तिथे एका छपराखाली एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या.

त्यानंतर डॉट-कॉमचा फुगा फुटला. २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली, आणि २००७ मध्ये एओएलने मुख्यालय न्यूयॉर्कला हलवण्याचा निर्णय घेतला. कार्यालये गेली, माणसे गेली, पण जमिनीत पुरलेले ऑप्टिकल फायबर कोणी उपटून नेले नाही. लाउडनचे नशीब म्हणायचे ते एवढेच. बाकीचे काम नशिबाचे नव्हते.

दरम्यान काउंटीची लोकसंख्या १९९० मधील ८६ हजारांवरून २०१० मध्ये ३ लाख १२ हजारांवर गेली होती. घरे वाढली की शाळा वाढतात, आणि शाळांचा मोठा खर्च काउंटीच्या तिजोरीतून होतो. घरमालकाकडून मिळणाऱ्या करापेक्षा त्याच्या मुलांच्या शिक्षणावरचा खर्च जास्त, हे गणित अमेरिकेतील प्रत्येक वाढत्या उपनगराला भेडसावते. त्यात २००८ ची घरबाजाराची पडझड झाली. २०१० च्या सुमारास शंभर डॉलर मूल्यामागे स्थावर मालमत्तेवर १.३० डॉलर कर लावावा लागत होता. काउंटीला माणसांपेक्षा आधी करदाता हवा होता, असा करदाता ज्याला शाळेत मुले पाठवायची नसतात.

विभागाने नेमके काय केले

आर्थिक विकास विभागात या कामाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते बडी रायझर पूर्वी रेडिओ क्षेत्रात होते. २००७ च्या सुमारास ते काउंटीच्या सेवेत आले आणि पुढे विभागाचे कार्यकारी संचालक झाले. त्यांच्या कामाचे वर्णन बहुतेक ठिकाणी विक्रेत्याचे म्हणून केले जाते. ते अर्धेच खरे आहे. गिऱ्हाईक आणणारे लोक प्रत्येक काउंटीत असतात. लाउडनमध्ये वेगळे होते ते गिऱ्हाईक आल्यानंतरचे.

डेटा सेंटर बांधणाऱ्या कंपनीच्या गरजा ठरलेल्या असतात: फायबर, भरवशाची आणि मुबलक वीज, सपाट जमीन, पाणी, आणि उत्तर कधी मिळेल याची निश्चित तारीख. शेवटच्या गरजेसाठी काउंटीने व्यापारी प्रकल्पांचे अर्ज जलद मार्गाने नेण्याची योजना चालवली, ज्यात आराखडे तपासणाऱ्या वेगवेगळ्या विभागांना एकत्र बसवून शंका आधीच सोडवल्या जात. त्याहून मोठी सवलत झोनच्या नियमांत होती. पूर्वेकडच्या औद्योगिक आणि कार्यालयीन झोनमध्ये डेटा सेंटर हा थेट अनुज्ञेय वापर होता. म्हणजे नियमांत बसणारा आराखडा सादर केला की जनसुनावणी नाही, मंडळाचे मतदान नाही, फक्त प्रशासकीय तपासणी. ज्या कंपनीला पुढच्या अठरा महिन्यांत सर्व्हर, म्हणजे केंद्रातले संगणक, चालू करायचे आहेत तिच्या दृष्टीने याची किंमत कोणत्याही करसवलतीपेक्षा जास्त असते.

पाण्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. स्थानिक पाणीपुरवठा संस्था ‘लाउडन वॉटर’ने ब्रॉड रन येथे २००८ मध्ये सांडपाणी शुद्धीकरणाचा आधुनिक प्रकल्प सुरू केला होता. तिथून निघणारे शुद्ध केलेले पाणी पिण्याच्या नळांपासून पूर्ण वेगळ्या नळवाहिन्यांतून डेटा सेंटरच्या शीतकरणासाठी पुरवण्यात आले. उद्योगाला स्वस्त पाणी मिळाले, पिण्याच्या साठ्यावरचा भार कमी झाला, आणि नदीत सोडले जाणारे पाणी विकण्याजोगे झाले. सगळीच डेटा सेंटर हे पाणी वापरतात असे नाही, पण काउंटीतल्या एका संस्थेने उद्योगाच्या एका नेमक्या गरजेसाठी वाहिनी टाकून ठेवणे हे विभागाच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलके होते.

राज्याची बाजूही इथेच नोंदवली पाहिजे. पात्र डेटा सेंटरना संगणकीय उपकरणांच्या खरेदीवर विक्रीकर माफ करण्याची तरतूद व्हर्जिनियाने २००८ मध्ये केली आणि नंतर ती रुंदावत नेली. त्यासाठी साधारण अट अशी की किमान १५ कोटी डॉलर गुंतवणूक हवी आणि परिसरातील सरासरीच्या दीडपट वेतनाच्या किमान ५० नोकऱ्या हव्यात. विधिमंडळाच्या लेखापरीक्षण व आढावा आयोगाने २०१९ च्या अहवालात निष्कर्ष काढला की सवलत मिळालेल्या गुंतवणुकीपैकी सुमारे ९० टक्के गुंतवणूक सवलतीशिवाय राज्यात आली नसती. लाउडनच्या यशकथेत या वाक्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही. सूट राज्याने दिली, वसुली काउंटीने केली.

एका सर्व्हरखोलीचा हिशेब

वसुली कशाची, हे समजल्याशिवाय प्रकरण कळत नाही. व्हर्जिनियातील काउंटी व्यवसायाच्या जंगम मालमत्तेवर, म्हणजे यंत्रे, फर्निचर आणि संगणक यांवर, दरवर्षी कर लावतात. १ जानेवारीला जी उपकरणे काउंटीत असतील त्यांची यादी कंपनीने काउंटीच्या महसूल आयुक्तांकडे द्यायची असते. लाउडनमध्ये संगणकीय उपकरणांचे करपात्र मूल्य पहिल्या वर्षी मूळ किमतीच्या ५० टक्के धरतात, मग ४०, ३०, २० आणि पाचव्या वर्षापासून १० टक्के. या मूल्याच्या शंभर डॉलरमागे दर दीर्घकाळ ४.२० डॉलर होता. अलीकडे तो ४.१५ केला गेला.

समजा एका कंपनीने एक कोटी डॉलरचे सर्व्हर बसवले. ४.२० च्या दराने पहिल्या वर्षी ५० लाखांवर २ लाख १० हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी १ लाख ६८ हजार, तिसऱ्या वर्षी १ लाख २६ हजार, चौथ्या वर्षी ८४ हजार आणि पाचव्या वर्षी ४२ हजार. पाच वर्षांत काउंटीला ६ लाख ३० हजार डॉलर मिळतात. पण सर्व्हर पाच वर्षे जुने होईपर्यंत कंपनी बहुधा थांबत नाही. तीन-चार वर्षांत ते बदलले की घड्याळ पुन्हा ५० टक्क्यांवर येते. एका मोठ्या इमारतीत अशी कित्येक कोटी डॉलरची उपकरणे असतात. इमारत आणि जमिनीचा कर वेगळाच. काउंटीच्या स्वतःच्या हिशेबानुसार डेटा सेंटरवरील सेवांसाठी एक डॉलर खर्च होतो तेव्हा त्यांच्याकडून सुमारे २६ डॉलर कर येतो, आणि काउंटीच्या मालमत्ता कराच्या उत्पन्नापैकी जवळपास निम्मे आता या एकाच उद्योगातून येते. स्थावर मालमत्तेवरील दर २०२५ मध्ये ०.८०५ डॉलरपर्यंत खाली आला. या काळात घरांच्या किमतीही वाढल्या, म्हणून दर घटल्याचे सगळे श्रेय डेटा सेंटरना देता येणार नाही. तरी मोठा भाग त्यांचाच आहे.

या हिशेबाला एक कमी चर्चिली जाणारी बाजू आहे. शाळांच्या खर्चात राज्याने किती आणि काउंटीने किती वाटा उचलायचा हे व्हर्जिनियात एका निर्देशांकाने ठरते, आणि तो निर्देशांक काउंटीतील स्थावर मालमत्तेचे मूल्य, रहिवाशांचे उत्पन्न आणि किरकोळ विक्री या तीन गोष्टींवरून काढतात. संगणकांवरचा कर त्यात मोजला जात नाही. म्हणजे लाउडनच्या तिजोरीत जो पैसा सर्वांत वेगाने वाढला, तो राज्याच्या सूत्राला दिसतच नव्हता. विकासाच्या कोणत्याही भाषणात हे सांगितले जात नाही, पण अंदाजपत्रक करणाऱ्याला ते ठाऊक असते.

शेजाऱ्यांनी काय केले याचीही तुलना हवी. प्रिन्स विल्यम काउंटीने डेटा सेंटरच्या संगणकांवर शंभर डॉलरमागे १.२५ डॉलर इतका कमी दर ठेवला होता. रिचमंडजवळच्या हेन्रायको काउंटीने २०१७ मध्ये तो ३.५० वरून थेट ०.४० डॉलरवर आणला, आणि फेसबुकने तिथे केंद्र उभारले. लाउडनचा दर या सगळ्यांहून कितीतरी चढा असतानाही सर्वाधिक बांधकाम लाउडनमध्येच झाले. पुढे प्रिन्स विल्यमने दर टप्प्याटप्प्याने वाढवत २०२४ पर्यंत ३.७० वर नेला, आणि हेन्रायकोनेही २०२५ मध्ये २.६० केला. ज्या काउंटीजवळ फायबरचे जाळे आणि लवकर परवाना आहे तिला स्वतःचा दर पाडण्याची गरज नसते, हा या प्रकरणातून निघणारा सर्वांत ठाम निष्कर्ष आहे.

नोकऱ्या कुठे आहेत

आता दुसरा हिशेब. विधिमंडळाच्या त्याच लेखापरीक्षण व आढावा आयोगाच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार अडीच लाख चौरस फुटांच्या नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये सुमारे ५० जण पूर्णवेळ काम करतात, आणि त्यांतले निम्मे कंत्राटी असतात. बांधकाम मात्र ऐन भरात असताना एका ठिकाणी सुमारे दीड हजार कामगार लागतात. डेटा सेंटर उद्योगातून राज्यभर वर्षाला सुमारे ७४ हजार नोकऱ्यांना आधार मिळतो असे अहवाल सांगतो, पण त्यांतल्या बहुतेक बांधकामाच्या टप्प्यातून येतात. याचा अर्थ असा की नोकऱ्या टिकवायच्या तर सतत नवी इमारत बांधत राहावे लागते. लाउडनमध्ये वायरमन, पाइप जोडणारे आणि पोलाद उभारणारे कारागीर वर्षानुवर्षे एका जागेचे काम संपवून दुसऱ्या जागी जात राहिले, त्यामुळे तात्पुरते काम त्यांना कायमच्या कामासारखे लाभले. ते थांबले तर काय, हा प्रश्न पुढे ढकलला गेला.

इमारतींच्या आतल्या नोकऱ्या थोड्या असल्या तरी चांगल्या पगाराच्या आहेत, आणि त्यांना चार वर्षांची पदवी लागतेच असे नाही. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजने डेटा सेंटर चालवण्याच्या तंत्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. वीज, वातानुकूलन आणि संगणकजाळे या तिन्हींची जुजबी नव्हे, हाताने करून शिकवलेली माहिती असलेला तंत्रज्ञ उद्योगाला हवा असतो. रोजगाराच्या दृष्टीने असा एक अभ्यासक्रम दहा उद्घाटनांपेक्षा कामाचा आहे.

परंतु लाउडनमधील सर्वांत मोठी रोजगारदाती संस्था कोणतीही मेघसेवा (क्लाउड) कंपनी नाही. ती आहे काउंटीची सार्वजनिक शालेय व्यवस्था, जिच्यात ८० हजारांवर विद्यार्थी आणि बारा हजारांच्या आसपास कर्मचारी आहेत. इथे दोन्ही हिशेब एकमेकांना भेटतात. सर्व्हरवर बसलेला कर शिक्षकाचा पगार होऊन बाहेर पडतो, बसचालकाचा, अग्निशमन कर्मचाऱ्याचा, ग्रंथपालाचा पगार होतो. उद्योगाने थेट दिलेली नोकरी आणि उद्योगाच्या करातून निर्माण झालेली नोकरी यांत दुसरी जास्त आहे, आणि ती स्थानिकही आहे. ॲशबर्न आणि ब्रॅम्बल्टनमध्ये स्थायिक झालेली जी शेकडो भारतीय कुटुंबे, आणि त्यांत मराठी कुटुंबेही, चांगल्या शाळांसाठी इथे घर घेतात, त्यांच्या निवडीचा धागा त्या बिनखिडकीच्या इमारतींपर्यंत पोहोचतो. मग त्याच इमारतींविरुद्धच्या सभेत ती पुढच्या बाकावर बसली तरी त्यात विसंगती नाही.

उसाचे पीक

आपल्याकडे ज्या तालुक्यात ऊस शिरतो तिथे पैसा येतो, कारखाना येतो, आणि काही वर्षांनी विहिरीचे पाणी कोणाला किती यावर भांडणे सुरू होतात. लाउडनमध्ये पाण्याच्या जागी वीज आली.

पहिला इशारा तिजोरीतून आला. २०२०-२१ च्या वर्षात डेटा सेंटरकडून येणाऱ्या कराचा अंदाज सुमारे ६ कोटी डॉलरनी चुकला. साथीच्या काळात कंपन्यांनी उपकरणांची खरेदी आणि बदल पुढे ढकलले होते. वरचे गणित आठवले तर कारण लगेच समजते: नवे सर्व्हर आले नाहीत की जुन्यांचे करपात्र मूल्य दरवर्षी मूळ किमतीच्या दहा टक्क्यांनी उतरत जाते. इमारत तिथेच उभी असते, पण कर वितळतो. तेव्हापासून काउंटीचे अधिकारी या उत्पन्नाचा अंदाज सावधपणे बांधू लागले आणि एकाच उद्योगावरील अवलंबनाचा विषय दरवर्षी अंदाजपत्रकाच्या चर्चेत येऊ लागला.

दुसरा इशारा जुलै २०२२ मध्ये आला. वीजपुरवठा करणाऱ्या ‘डॉमिनियन एनर्जी’ने सांगितले की पूर्व लाउडनच्या काही भागांत पारेषण वाहिन्यांची क्षमता संपत आली असून नव्या डेटा सेंटरना पूर्ण वीज देण्यास काही वर्षे लागू शकतील. ज्या जागेने ‘वेळेवर’ हा शब्द विकला होता तिथे आता वेळच नव्हता. नव्या उच्चदाब वाहिन्या टाकायच्या तर त्या कोणाच्या घरामागून, हा वाद उभा राहिला. लॅन्सडाउन परिसरातील रहिवाशांनी वाहिनी जमिनीखालून नेण्याची मागणी केली, पण राज्याच्या नियामकांनी खांबांवरूनच नेण्यास मान्यता दिली.

तिसरी गोष्ट इतकी ठळक दिसत नाही, पण रोजगाराच्या दृष्टीने ती मला सर्वांत गंभीर वाटते. डेटा सेंटरसाठी एका एकराला दहा लाख डॉलरच्या कितीतरी वर भाव मिळू लागल्यावर त्या जमिनीवर छोटी गोदामे, गाड्यांची दुरुस्ती, सुतारकामाची कार्यशाळा किंवा जैवतंत्रज्ञानाची प्रयोगशाळा उभारणे कोणाला परवडेल? आर्थिक विकास विभाग एका हाताने विविध उद्योगांना बोलावत होता आणि दुसऱ्या हाताने ज्या उद्योगाला बोलावले त्याने बाकीच्यांची जागा खाल्ली. मेट्रोची सिल्व्हर लाइन १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ॲशबर्नपर्यंत आली. काउंटीने त्यासाठी विशेष कर-क्षेत्रे करून पैसा उभा केला होता, आणि स्थानकांभोवती कार्यालये, दुकाने व दाट वस्ती यावी ही त्यामागची कल्पना होती. माणसांची ये-जा वाढवण्यासाठी बांधलेल्या रेल्वेच्या शेजारी जवळपास निर्मनुष्य इमारत हा नियोजनाचा सर्वांत महाग विनोद ठरला असता, म्हणून स्थानकांजवळ डेटा सेंटरना आवर घालण्याचा प्रश्न वारंवार मंडळापुढे आला.

काउंटीचे बाकीचे काम

डेटा सेंटरच्या सावलीत विभागाची इतर कामे झाकली जातात, तरी ती आहेत. काउंटीचा पश्चिमेकडचा बराचसा भाग ग्रामीण आहे आणि तो तसाच राहावा हे धोरण आहे. तिथे द्राक्षमळे व वायनरी, ब्रुअरी, घोड्यांचे तबेले आणि भाजीपाल्याची शेते आहेत. वायनरींची संख्याच चाळीसच्या वर असून राजधानीच्या लोकांनी शनिवार-रविवारी तिकडे यावे म्हणून काउंटी त्यांची एकत्र जाहिरात करते. विभागात ग्रामीण व्यवसायांसाठी स्वतंत्र माणसे आहेत. यातून मिळणारा कर डेटा सेंटरच्या तुलनेत किरकोळ आहे, पण दर एकरामागे हात कामाला लावण्यात द्राक्षमळा सर्व्हरखोलीला मागे टाकील. २०२० मध्ये साथीने दुकाने आणि उपाहारगृहे बंद पडली तेव्हा काउंटीने व्यवसायात पडलेल्या खंडासाठीच्या निधीतून छोट्या उद्योजकांना परत न करण्याच्या बोलीवर रक्कम दिली. डेटा सेंटरना त्या निधीची गरज नव्हती. त्यांचा धंदा त्या वर्षी उलट वाढला होता.

अंतराळ आणि संरक्षण क्षेत्रातील कंपन्या, डलेस विमानतळाशी जोडलेला मालवाहतूक व्यवसाय, ॲशबर्नमधील हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेचा २००६ मध्ये उघडलेला जनेलिया संशोधन परिसर, हे सगळे काउंटीच्या यादीत आहेत. तिथे प्रत्येक एकरामागे कितीतरी अधिक माणसे काम करतात.

नवी मुंबईतून पाहताना

भारतातील डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे, आणि ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीच्या भूखंडांवर जुन्या रसायन व अभियांत्रिकी कारखान्यांच्या जागी अशाच बिनखिडकीच्या इमारती आल्या आहेत. समुद्राखालच्या तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून इथे; ॲशबर्नला फायबर होते, म्हणून तिथे. साम्य तिथेच संपते. आपल्याकडे जमीन एमआयडीसी देते, सवलत राज्य देते, आणि यंत्रांवर दरवर्षी मूल्यानुसार कर घेणारी स्थानिक संस्था नाही. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यानंतर महापालिकेकडे उरतो तो मुख्यतः इमारतीचा मालमत्ता कर. आतले सर्व्हर कितीही कोटींचे असले तरी तो त्यांच्याकडे पाहत नाही. त्यामुळे ‘लाउडनसारखे करू’ असे म्हणताना थांबायला हवे. लाउडनने थोड्या नोकऱ्यांची भरपाई प्रचंड करातून केली. ती भरपाई जिथे होत नाही तिथे वीज, जमीन आणि थोड्या नोकऱ्या एवढाच व्यवहार उरतो.

मार्च २०२५ नंतर

१८ मार्च २०२५ रोजी पर्यवेक्षक मंडळाने डेटा सेंटरचा थेट अनुज्ञेय वापर रद्द केला. आता काउंटीत कुठेही नवे डेटा सेंटर उभारायचे तर विशेष परवानगी लागते, जनसुनावणी होते आणि निवडून आलेल्या नऊ जणांना हात वर करून मत द्यावे लागते. मंडळाच्या अध्यक्ष फिलिस रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रीतीने वीस वर्षांत सर्वांत जास्त फळलेले नाणे स्वतःहून खिशात परत टाकले. हा निर्णय उशिराचा होता असे मला वाटते, कारण पूर्वेकडची सोयीची बहुतेक जमीन तोवर विकली किंवा मंजूर होऊन गेली होती, आणि मंजूर झालेल्या प्रकल्पांची बांधकामे अजून बरीच वर्षे चालतील.

उरलेल्या जमिनीचा प्रत्येक अर्ज आता दोन आकडे घेऊन मंडळासमोर येईल: शंभर डॉलरमागे ४.१५, आणि इमारतीमागे पन्नास. दरम्यान ॲशबर्न स्थानकातून सकाळी सुटणाऱ्या गाड्या प्रवाशांना घेऊन जातात त्या पूर्वेकडे, फेअरफॅक्स आणि वॉशिंग्टनमधल्या कार्यालयांकडे.